नागपूरच्या मातीचा उतार प्रयोगशाळेत कसा तपासावा

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला उतारस्थैर्यावर प्रकल्प घेणाऱ्या बऱ्याच गटांची पेटी एकसारखीच असते. पुढून काच, बाकी बाजूंनी प्लाय, आत फूट-दीड फूट उंचीचा काळ्या मातीचा उतार. वरून झारीने पाणी सोडायचं आणि माती घसरायची वाट पाहायची. माती घसरत नाही. मग अहवालात ‘उतार स्थिर आढळला’ असं लिहिलं जातं. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकतो हे एकदा कळलं की बाकीचे प्रयोग कसे आखायचे तेही कळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

चिकण मातीचा उभा काप आधाराशिवाय किती उंच टिकेल याचं ढोबळ सूत्र पाठ्यपुस्तकात असतं: कोहेजनची (म्हणजे कणांनी एकमेकांना चिकटून धरण्याच्या ताकदीची) चौपट भागिले मातीचं एकक वजन (एका घनमीटरचं वजन). ओलसर काळ्या मातीचं कोहेजन १५ किलोपास्कल आणि एकक वजन १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरा. उत्तर येतं सुमारे ३.३ मीटर. तुमच्या पेटीतला उतार ४० सेंमीचा. तेवढा उभा काप कोसळायचा असेल तर कोहेजन १.८ किलोपास्कलपर्यंत उतरावं लागेल, म्हणजे मातीचा जवळजवळ चिखल व्हावा लागेल. घर्षणातून येणारी ताकद मातीच्या वजनाबरोबर कमी-जास्त होते, कोहेजन मात्र पेटी लहान केली म्हणून लहान होत नाही. त्यामुळे छोट्या मॉडेलात चिकण माती तिच्या लायकीपेक्षा कितीतरी मजबूत भासते. मोठ्या संशोधन संस्था यावर उपाय म्हणून मॉडेल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि मातीचं वजन कृत्रिमरीत्या कित्येक पट वाढवतात. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळेत ती सोय नसते.

म्हणून पेटीला तोच प्रश्न विचारायचा ज्याचं खरं उत्तर ती देऊ शकते. रेतीत पाणी शिरल्यावर उतार किती अंशांवर सुटतो, हे ती नीट सांगते. त्याच मातीवर कुटार (पिकाचा भुसा) पसरलं आणि नाही पसरलं तर धुपीत किती फरक पडतो, हेही सांगते. काळ्या मातीचा पाच मीटर उंच भराव टिकेल की नाही, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी मातीची ताकद वेगळी मोजायची आणि हिशेब कागदावर करायचा.

माती कुठून आणि कधी आणायची

या कामासाठी नागपूरसारखं गाव शोधून सापडणार नाही. दख्खनच्या बेसाल्टची पूर्वेकडची कड इथे येऊन संपते. शहराच्या पश्चिमेला काळी माती आणि तिच्याखाली मुरूम, उत्तर-पूर्वेला कामठीचा वालुकाश्म आणि नाइस खडक, शिवाय कन्हानची रेती. तासाभराच्या अंतरात तीन अगदी वेगळ्या वागणाऱ्या माती मिळतात. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचं मुख्यालयही अमरावती रोडवर आहे. मातीचे नकाशे आणि वर्गीकरण समजून घ्यायचं असेल तर मार्गदर्शकांचं पत्र घेऊन तिथे विचारपूस करावी.

काळी माती ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरातून, त्याला विचारून घ्या. धुरा (शेताचा बांध) खणू नका. धुऱ्याची माती वर्षानुवर्षं तुडवलेली असते आणि तिच्यात मुळं, खडे, काडीकचरा मिसळलेला असतो. वरचा अर्धा फूट थर बाजूला सारून त्याखालची माती घ्या. घराच्या पायाचं खोदकाम चालू असेल तर ठेकेदाराला विचारा. एकाच खड्ड्यात वर काळी माती, मग पिवळसर पांढुरका चुनखडीचा थर आणि खाली मुरूम असा पूर्ण छेद पाहायला मिळतो, तो फोटोत टिपून ठेवावा. पण दीड मीटरहून खोल आणि बाजूंना आधार न दिलेल्या खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही, कितीही कडक दिसला तरी. कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर जायचं असेल तर खाणीच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत हवा. उमरेड, सावनेर, कामठी या भागांतले ढिगारे उतारस्थैर्याचा फार चांगला विषय आहेत, पण एकट्यादुकट्याने जायची ती जागा नाही. रेती नदीतून उपसून आणू नका. बांधकाम साहित्याच्या दुकानातून बिलासह दोन पोती घ्या आणि बिल फाइलला लावा.

वेळेचं गणित इथेच मांडावं लागतं. गवताचा प्रयोग करायचा असेल तर हरळी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच ट्रेमध्ये लावा. डिसेंबरच्या नागपुरी थंडीत ती वाढत नाही आणि जानेवारीत हातात दोनचार काड्यांशिवाय काही नसतं. काळी माती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणा. पावसाळ्यात ती फावड्याला चिकटते, एप्रिलमध्ये दगडासारखी होते. भेगांचा प्रयोग मात्र मार्च-एप्रिलसाठी राखून ठेवा, ऊन फुकट मिळतं.

प्रत्येक पोत्यावर ठिकाण, खोली, तारीख लिहा आणि थोडी माती तिथल्या तिथे घट्ट डब्यात बंद करा. शेतातला मूळ ओलावा त्यातूनच कळेल. घरी आणून पोतं उघडल्यावर तो आकडा गेलेला असतो.

मातीची ओळख आधी

चाळणी, विशिष्ट गुरुत्व, लिक्विड लिमिट आणि प्लास्टिक लिमिट (किती ओलाव्यावर माती पातळ होते आणि किती ओलाव्यावर मळता येते), आणि प्रॉक्टर (किती ओलाव्यावर माती सगळ्यात घट्ट दाबली जाते) या चाचण्या भारतीय मानक २७२० च्या वेगवेगळ्या भागांप्रमाणे करायच्या. त्या प्रात्यक्षिकात झालेल्याच असतात, म्हणून इथे लांबण लावत नाही. काळ्या मातीसाठी फ्री स्वेल चाचणी मात्र चुकवू नका. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली प्रत्येकी १० ग्रॅम कोरडी माती दोन नळकांड्यांत घ्यायची, एकात डिस्टिल्ड पाणी आणि दुसऱ्यात केरोसीन भरायचं, हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास ठेवायचं. केरोसीनमध्ये माती ११ मिलि आणि पाण्यात १९ मिलि भरली तर फुगवटा झाला सुमारे ७३ टक्के. ५० टक्क्यांच्या वर आकडा गेला की ही माती भेगाळणार आणि फुगणार हे धरून चाला.

दुसरी चाचणी दोन मिनिटांची आहे आणि धुपीच्या प्रकल्पात तिच्याइतकी उपयोगाची दुसरी नाही. ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं मातीचं ढेकूळ घ्या आणि काचेच्या ग्लासातल्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. काही ढेकळं कडेने फुटत जातात आणि तळाशी छोटासा ढीग होऊन बसतात, पाणी मात्र नितळ राहतं. काही ढेकळांभोवती दुधट धूर उठतो, तळावर पसरतो आणि तासाभराने पूर्ण पाणी गढूळ होतं. पहिली माती ओली झाल्यावर नुसती विस्कटते. दुसरीचे चिकण कण एकमेकांना सोडून पाण्यात तरंगू लागतात, आणि अशा मातीचा बांध आतून पोखरला जायला एखादी बारीक भेगसुद्धा पुरते. हीच चाचणी बोअरच्या पाण्यात करून पाहा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यातल्या कॅल्शियममुळे कण पुन्हा एकत्र येतात आणि माती आहे त्यापेक्षा शहाणी दिसते. म्हणून पुढच्या सगळ्या प्रयोगांत कुठलं पाणी वापरलं हे लिहिणं सक्तीचं समजा. गच्चीवरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून ठेवलं असेल तर उत्तम.

रेती: आधी कोरडी, मग पाण्यासह

साधारण ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि १० सेंमी खोल ट्रे घ्या. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाखाली गाडीचा स्क्रू जॅक. तळाच्या प्लायवर फेव्हिकॉल लावून त्याच रेतीचा एक थर चिकटवा, नाहीतर रेती रेतीवर न घसरता गुळगुळीत प्लायवरून घसरेल आणि तुम्ही प्लायचा कोन मोजाल. रेती ओव्हनमध्ये वाळवलेली हवी. ठरावीक उंचीवरून गाळण्याने सारखी पसरा, कारण उंची बदलली की घनता बदलते आणि घनता बदलली की कोन बदलतो. जॅक सावकाश फिरवा, धक्का नको. वरचा थर सुटला त्या क्षणी थांबा. कोन मोबाइलच्या ॲपवर वाचा आणि पट्टीने उंची व लांबी मोजून पडताळा. सैल आणि दाबून भरलेली अशा दोन्ही अवस्थांत निदान पाच-पाच वेळा करा. त्याच दोन घनतांवर डायरेक्ट शिअर चाचणीही (डबीतली माती मधून आडवी सरकवून ताकद मोजणं) करा. सैल रेतीचे दोन्ही कोन बरेचसे जुळतात. दाबलेल्या रेतीत फरक दिसतो, आणि तो का दिसतो यावर अहवालात एक पान लिहिता येतं.

आता पाणी. समजा तुमच्या रेतीचा घर्षणकोन, म्हणजे कण एकमेकांवरून घसरू लागतात तो कोन, ३३ अंश निघाला. कोरड्या उताराचा सुरक्षा गुणांक (तो एकाखाली गेला की उतार पडतो) म्हणजे घर्षणकोनाचा टॅन भागिले उताराच्या कोनाचा टॅन. दोनास एक उतार, म्हणजे २६.६ अंश घेतला तर ०.६४९ भागिले ०.५, उत्तर १.३. उतार सुरक्षित. आता हाच उतार पूर्ण भिजला आणि पाणी उताराला समांतर वाहू लागलं, तर त्या उत्तराला बुडीत एकक वजन (पाण्याचा उचल वजा करून) आणि संपृक्त एकक वजन (पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीचं) यांच्या गुणोत्तराने गुणायचं. ते जवळजवळ निम्मं असतं. सुरक्षा गुणांक १.३ वरून ०.६५ वर येतो आणि उतार पडतो. तो टिकायचा असेल तर १८ अंशांपेक्षा उताणा असावा लागेल. तीच रेती, तोच उतार, फक्त पाणी वाहतंय. हा हिशेब आधी वहीत करा आणि मगच पेटी भरा, म्हणजे प्रयोग पाहताना नजर कुठे ठेवायची ते माहीत असतं.

यासाठी पेटी मीटरभर लांब, निदान ३० सेंमी रुंद आणि पुढून काच किंवा ॲक्रिलिक असलेली हवी. रुंदी कमी केली तर बाजूच्या भिंतींचं घर्षण उताराला धरून ठेवतं. मागच्या टोकाला जाळी लावून पाण्याची वेगळी टाकी करा, तिच्यात पातळी हवी तितकी वाढवता आली पाहिजे. जाळीवर सुती कापड ताणून बसवा. रेतीतली पाण्याची पातळी कळण्यासाठी मागच्या बाजूच्या प्लायला तीन-चार ठिकाणी भोकं पाडून सलाईनच्या नळ्या बसवा, आतल्या तोंडाला कापसाचा बोळा, बाहेर नळी उभी पट्टीला बांधलेली. सांधे सिलिकॉनने बंद करून एक रात्र पाणी भरून गळती पाहा. प्लाय, काच, नळ्या, जाळी सगळं इतवारीत एका चकरेत मिळतं.

रेती थराथराने भरताना दर पाच सेंमीला काचेलगत पांढऱ्या रांगोळीची चिमटीने बारीक रेघ सोडत जा. ही रेघ म्हणजे या प्रयोगाचा डोळा आहे. घसरण सुरू झाली की आधी पायथ्याजवळच्या रेघेला बाक येतो, मग ती तुटते, तुटलेली दोन टोकं एकमेकांपासून सरकतात. सगळ्या तुटलेल्या जागा जोडल्या की घसरणीची रेषा काचेवर उमटलेली दिसते. मार्करने ती काचेवर गिरवून घ्या, नंतर ट्रेसिंग पेपरवर उतरवा. अभ्यासक्रमातल्या स्वीडिश सर्कल पद्धतीने, म्हणजे घसरणारा भाग वर्तुळाकार धरून त्याचे उभे कापे पाडून, हिशेब करताना घसरणीचा पृष्ठभाग कल्पनेने घ्यायची गरज उरत नाही. रेतीत ती रेषा उथळ आणि जवळपास सरळ असते, हेही मुलांना डोळ्यांनी पाहिल्यावरच पटतं.

मागच्या टाकीत पाणी हळूहळू चढवा. पायथ्याशी आधी ओल दिसते, मग दोनचार कण वाहायला लागतात, छोटीशी खपली निसटते, तिच्यावरचा भाग निराधार होतो आणि घसरण पायथ्याकडून माथ्याकडे चढत जाते. दर मिनिटाला नळ्यांची पातळी लिहा. मोबाइल स्टँडवर लावून सलग चित्रण करा, पेटीच्या चौकटीत घड्याळ दिसलं पाहिजे. पायथ्याशी गिट्टीचा थर आणि त्याखाली जाड रेती असा गाळणीचा पट्टा घालून हाच प्रयोग पुन्हा करा. पाणी वाहून जातं पण कण अडतात, आणि उतार बराच काळ टिकतो. मातीच्या धरणांच्या पायथ्याला असा पट्टा का देतात हे यातून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्याही आकृतीतून होत नाही.

पाण्याची पातळी झपाट्याने उतरवण्याचा प्रयोगही याच पेटीत होतो. तलाव किंवा कालवा एकदम रिकामा केला की काठ का ढासळतात, हा त्यातला प्रश्न. उतारापुढे दोन तृतीयांश उंचीपर्यंत पाणी भरा, नळ्यांची पातळी स्थिर होऊ द्या आणि सायफनने दोन मिनिटांत पाणी काढा. एक अडचण आधीच सांगतो. कन्हानची जाड रेती पाणी इतक्या लवकर सोडते की आतला दाब उरतच नाही आणि काही घडत नाही. रेतीत वजनाने १०-१५ टक्के बारीक चाळलेला मुरूम मिसळा. मग बाहेरचं पाणी गेलं तरी आतलं अडकून राहतं आणि काठ सुटतो.

आणखी एक निरीक्षण करून ठेवा. किंचित ओली रेती उभ्या भिंतीसारखी राहते. कणांमधल्या पाण्याच्या ताणामुळे आलेलं हे तात्पुरतं कोहेजन असतं आणि पूर्ण भिजल्यावर ते जातं. पेटीत रेती ओलसर भरून तुम्ही उतार करणार असाल तर या ताकदीचा हिशेब नोंदीत असला पाहिजे.

काळी माती: ऊन, भेगा आणि उरलेली ताकद

काळ्या मातीला पेटीत पाडायचा हट्ट सोडा. तिची ताकद कशी कमी होते ते मोजा. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा जातात, पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून थेट आत शिरतं, माती फुगते, मऊ होते आणि पुन्हा वाळते. दर वर्षी हे चक्र चालतं. त्यामुळे कालव्याचा किंवा रस्त्याच्या भरावाचा उतार बांधल्यावर लगेच नाही, काही पावसाळे गेल्यावर ढासळतो. हेच चक्र तुम्ही गच्चीवर घडवू शकता.

माती प्रॉक्टरमधून मिळालेल्या ओलाव्यावर आणि घनतेवर १५ सेंमी खोल पत्र्याच्या ट्रेंमध्ये भरा. तळाला भोकं आणि त्यावर कापड. एकसारखे पाच ट्रे करा. पहिला तसाच झाकून ठेवा. बाकीचे उन्हात वाळू द्या आणि वजन स्थिर झालं की खालून पाणी चढवून भिजवा, हे झालं एक चक्र. एक ट्रे एका चक्रानंतर, दुसरा दोननंतर, असे पुढे काढत जा. प्रत्येक वेळी ट्रेच्या ठरलेल्या बिंदूवरून, ठरलेल्या उंचीवरून फोटो घ्या. वर दोऱ्याची चौकट ताणलेली असली की किती टक्के क्षेत्रावर भेगा आहेत ते मोजता येतं. भिजलेल्या अवस्थेत लॅबच्या वेन शिअर उपकरणाने (मातीत पाती खुपसून फिरवायचं उपकरण) ताकद मोजा आणि त्याच जागेचा ओलावा काढा. ओलाव्याशिवाय वेनचा आकडा काहीच सांगत नाही. डायरेक्ट शिअर करणार असाल तर यंत्राचा वेग नोंदवा. मिनिटाला १.२५ मिमी या नेहमीच्या वेगाने चिकण मातीतलं पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्या आकड्याला निचरा झालेल्या अवस्थेची ताकद म्हणू नये, परीक्षक नेमकं तेच विचारतात.

मग कागदावरचा भाग. पाच मीटर उंचीचा भराव घ्या, दीडास एक आणि दोनास एक असे दोन उतार, आणि प्रत्येक चक्रानंतरची ताकद टेलरच्या स्थैर्यांकाच्या आलेखात (ताकद, उंची आणि उतारावरून सुरक्षा गुणांक देणारा तयार आलेख) घाला. सुरक्षा गुणांक चक्रागणिक कसा उतरतो याचा आलेख हा या प्रकल्पाचा गाभा आहे. एक्सेलमध्ये कापे पाडून फेलेनियस पद्धतीनेही (वरच्या स्वीडिश सर्कलचाच हिशेब) करून पाहा, माथ्याच्या भेगेत मीटरभर पाणी धरून. त्या पाण्याचा आडवा रेटा भरावाच्या दर मीटर लांबीला ४.९ किलोन्यूटन येतो. सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही, पण एक वर्तुळ तरी हाताने सोडवलेलं असावं.

या मातीवर उपाय कोणता, असा पुढचा प्रश्न येतोच. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मातीचा थर देण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आली आणि काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी भारतीय मानक ९४५१ मध्ये तिला जागा मिळाली. वर चिकण मुरमाचा थर असलेले आणि नसलेले अशा दोन ट्रेंची तुलना पदवीच्या पातळीवर आरामात होते. चुना मिसळण्याचा प्रयोग बरेच गट करतात. त्यात निदान सात दिवसांची क्युअरिंग (माती ओलसर झाकून मुरू देणं) पाळा, नाहीतर करूच नका.

धुपीचा ट्रे आणि पाऊस

धुपीच्या प्रयोगात छोटं मॉडेल खरोखर कामाचं ठरतं, कारण इथे आपण तुलनाच करतो. ट्रे ६० बाय ४० सेंमीचा, माती १० सेंमी जाड, खाली ३ सेंमी बारीक गिट्टी आणि कापड. मातीचं आकारमान झालं २४ लिटर. शुष्क घनता १.४ आणि ओलावा २० टक्के ठेवायचा असेल तर ३३.६ किलो कोरडी माती आणि ६.७ लिटर पाणी, एकूण ४०.३ किलो. चार थर करा. प्रत्येक थराला १०.०८ किलो माती तोलून घ्यायची आणि ती बरोबर अडीच सेंमी जाडीत बसेपर्यंत ठोकायची. ‘नीट दाबली’ असं लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण दुसऱ्या दिवशी तुमचा मित्र तोच ट्रे त्याच घनतेचा भरू शकतो. थर टाकण्यापूर्वी खालचा पृष्ठभाग काट्याने खरवडा, नाहीतर थरांच्या सांध्यातून पाणी वाहील. भरलेला ट्रे एकट्याने उचलू नका.

पावसाचा जोर किती ठेवायचा? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिमीहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ते डोळ्यांसमोर ठेवून तासाला ६० मिमी हा जोर पहिल्या प्रयोगांसाठी ठीक आहे. आपल्या ट्रेचं क्षेत्र ०.२४ चौरस मीटर, म्हणजे मिनिटाला २४० मिलि पाणी त्यावर पडलं पाहिजे. ट्रे ३० अंशांत तिरपा केला की त्याचं आडवं क्षेत्र १३ टक्क्यांनी घटतं आणि तितकाच पाऊस कमी झेलला जातो. उतारांची तुलना करताना ही दुरुस्ती विसरली तर निकालच फिरतो.

पाऊस पाडायला दोन मार्ग आहेत. एक, छोटा पंप, दाबमापक आणि शेतीच्या दुकानात मिळणारा फवारा नोझल. दुसरा, पत्र्याच्या टाकीच्या तळाला इंजेक्शनच्या सुया. सुयांचे थेंब एकसारखे पडतात, पण एकाच जागी पडून खड्डे करतात, म्हणून खाली हातभर अंतरावर तारेची जाळी धरा आणि ती अधूनमधून हलवा. थेंबाला पावसाचा पूर्ण वेग यायला सात-आठ मीटर पडावं लागतं. दोन मीटरवरून टाकलेला थेंब खऱ्या पावसाइतका मारा करत नाही, म्हणून तुमची धूप शेतातल्यापेक्षा कमी येणार. जिन्याच्या मोकळ्या चौकात दोन मजल्यांवरून पाऊस पाडता आला तर फार छान. पंपाची वीज ओल्या जमिनीजवळ असते, गळती झाली तर वीज तोडणारा स्विच लावल्याशिवाय सुरू करू नका.

माती ठेवण्याआधी पाऊस तपासा. ट्रेच्या जागी सारख्या मापाचे बारा डबे मांडा. १० सेंमी व्यासाच्या डब्यात दहा मिनिटांत ७८ मिलि पाणी जमलं तर जोर तासाला ६० मिमी. सगळ्या डब्यांची सरासरी, प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक, आणि त्यातून ख्रिश्चनसेनचा एकसमानता गुणांक (पाऊस सगळीकडे किती सारखा पडतो त्याचं माप) काढा. तो ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नोझलची उंची किंवा दाब बदला, पुढे जाऊ नका.

प्रयोग तीस मिनिटांचा. पहिला ओघ सुरू झाल्याची वेळ लिहा, तीही एक महत्त्वाची मोजणी आहे. दर तीन मिनिटांनी ट्रेच्या तोंडाशी नवी बादली लावा. पाण्याचं वजन करा, मग गाळ बसू द्या. काळ्या मातीचे कण दोन-दोन दिवस तरंगत राहतात. प्रत्येक बादलीत सारख्याच मापाचं तुरटीचं पाणी घाला, काही तासांत वरचं पाणी नितळतं. ते अलगद ओतून टाका आणि गाळ १०५ ते ११० अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून तोला. या ट्रेवर २४ ग्रॅम माती गेली म्हणजे हेक्टरी १ टन, आकडे मनात ठेवायला सोपे आहेत. पण तो त्या तीस मिनिटांच्या पावसाचा हिशेब आहे. त्याला १२ ने किंवा ३६५ ने गुणून वार्षिक धूप काढायची नसते.

पडलेलं पाणी, वाहून आलेलं, तळातून निचरलेलं आणि ट्रेच्या वाढलेल्या वजनात साठलेलं, यांची बेरीज जुळली पाहिजे. ७.२ लिटर पाऊस पाडला आणि हिशेबात ६ लिटरच आले तर कुठेतरी गळती आहे. असा प्रयोग आलेखात घालू नका.

आच्छादनासाठी आपल्याकडचंच साहित्य घ्या. सोयाबीनचं कुटार, धानाची तणस, तागाचं गोणपाट. तोलून पसरा, अंदाजाने नाही. उघड्या मातीवर पहिल्या पाच मिनिटांत थेंबांचे खड्डे पडतात, पृष्ठभागावर बारीक साय धरते, पाणी मुरायचं थांबतं आणि मग ओघळी सुरू होतात. आच्छादनाखाली ही साय उशिरा धरते. त्यामुळे गाळ तर घटतोच, ओघ सुरू व्हायलाही वेळ लागतो. गवतात हरळी ट्रेला योग्य, तिची मुळं वरच्या थरात जाळं करतात. वाळा उतारांसाठी नावाजलेला आहे, पण त्याची मुळं मीटर-दोन मीटर खोल जातात. दहा सेंमी मातीत त्याची परीक्षा होऊ शकत नाही, आणि त्यात तो कमी पडला असं लिहिणं त्याच्यावर अन्याय आहे.

किती प्रयोग, आणि ते मांडायचे कसे

दोन माती, दोन उतार, आच्छादनासह आणि आच्छादनाविना, प्रत्येक तीनदा, असे चोवीस प्रयोग होतात. ट्रे भरायला, भिजवायला, वाळवायला धरून दिवसाला एकच नीट होतो. परीक्षा, सुट्ट्या, वीज जाणं मोजलं तर दोन महिने गेले. चार जणांच्या गटाला एवढं पुरे. आठ प्रकारची आच्छादनं एकेकदा करण्यापेक्षा दोन प्रकार तीन-तीनदा केलेले बरे. तीन वेळच्या आकड्यांत किती फरक येतो हे दिसल्याशिवाय दोन आच्छादनांमधला फरक खरा की योगायोग ते कळणारच नाही. सरासरीबरोबर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडाही आलेखावर दाखवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. उतार बदलताना ओलावाही बदलला असेल तर तो प्रयोग कशाचाच पुरावा नाही. म्हणून पाऊस सुरू करण्याआधी कोपऱ्यातून थोडी माती काढून ओलावा दर वेळी मोजा. सीताबर्डीत मिळणारे ओलाव्याचे स्वस्त सेन्सर वापरत असाल तर ते तुमच्याच मातीत, ओव्हनच्या आकड्यांशी ताडून घ्या. काळ्या मातीत आणि रेतीत त्यांचं वाचन वेगळं येतं.

अहवालात निकालाच्या आधी मॉडेलच्या मर्यादा लिहा: पेटीची उंची, भिंतींचं घर्षण, थेंबांचा कमी वेग, पाण्याचा प्रकार. ‘या ट्रेमध्ये, या जोराच्या पावसात, कुटारामुळे गाळ इतक्या पटीने घटला’ हे वाक्य परीक्षकांसमोर टिकतं. तोंडी परीक्षेत सुरक्षा गुणांक एकापेक्षा जास्त असूनही उतार का पडू शकतो हा प्रश्न येतोच. उत्तर तुमच्याच पेटीतलं द्या: गुणांक ज्या पाण्याच्या पातळीसाठी काढला ती पातळी राहिली नाही.

काम संपल्यावर गाळ सिंकमध्ये ओतू नका, काळी माती पाइपात बसली की निघत नाही. तुरटी किंवा चुना न मिसळलेली माती जिथून आणली त्या वावरात परत टाका, मिसळलेली वेगळी ठेवून बांधकामाच्या भरावात द्या. प्रत्येक मातीची दोन-दोन किलो कोरडी बरणी, तिच्या चाचण्यांच्या आकड्यांसह, प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या तुकडीला तीच माती घेऊन तुमचे आकडे तपासता येतील.